बाजारतळावरचं आवतान

मांडव सुरेख झाला होता. फक्त त्यात माणूस नव्हतं.

मंचरच्या आठवडे बाजारात, पुनमचंद शेठच्या बियाण्यांच्या दुकानाला लागून जो मोकळा तुकडा आहे, तिथे तो उभा होता. बांबूचा सांगाडा, वर शेडनेट, शेडनेटवर उसाच्या पाचटाचा जाड थर आणि सगळ्यात वर जांभळीचे हिरवे डहाळे. वारा ज्या बाजूने येतो त्या पश्चिमेला गोणपाटाचे पडदे, आणि पडद्यांच्या माथ्यावरून नेलेली ठिबकची जुनी नळी. तिच्यातून पाणी थेंबाथेंबाने गोणपाटावर उतरायचं. वारा त्या ओल्या गोणपाटातून आत शिरताना पाण्याची वाफ करायचा आणि त्यात आपली उष्णता खर्चून बसायचा. मे महिन्याच्या सुरुवातीला आमच्याकडची हवा इतकी कोरडी असते की ही युक्ती चालते. महिनाअखेर हवा दमट झाली की ती तितकी चालणार नाही, हेही मला माहीत होतं. पण आज चालत होती. बाहेर सावलीत एकेचाळीस अंश, आत चौतीस. मी तापमापक बदलून पुन्हा पाहिलं, आकडे तेच आले.

मी समृद्धी. फिजिक्स घेऊन बी.एस्सी. केलं, एम.एस्सी.च्या प्रवेशाची वाट बघत अवसरी बुद्रुकला घरी बसले आहे. असा मांडव घालायची कल्पना माझी, जागा आणि बोअरचं पाणी शेठचं, बांधणी सोपानभाऊंची. सोपानभाऊ गेली कित्येक वर्षं आमच्या भागातले लग्नाचे मांडव घालतात. त्यांनी एकच अट घातली होती, की दाराला केळीचे खुंट आणि आंब्याचं तोरण बांधू द्यायचं.

"मोकळ्या दाराचा मांडव मी घालत न्हाई," ते म्हणाले. "बरं दिसत न्हाई ते."

तोरणाने तापमानात फरक पडत नाही, म्हणून मी हो म्हटलं.

खरं म्हणजे हा सगळा खटाटोप एका बाईसाठी सुरू झाला. माझी थोरली चुलती साळुबाई. चुलत्यांना आम्ही नाना म्हणायचो, म्हणून ती नानी. नानी कोथिंबीर, मेथी, गवार घेऊन या बाजारात बसते. माझ्या जन्माच्या आधीपासून बसते. गेल्या वर्षी अशाच उन्हात ती गवारीच्या ढिगावर आडवी झाली. दवाखान्यात सलाईन लावल्यावर शुद्धीवर आली आणि पहिलं विचारलं, "माझी पाटी कुणी उचलली?" तिचा मुलगा, माझा भरतदादा, ट्रॅक्टरच्या शोरूममध्ये आहे. त्याने तेव्हाच ठरवून टाकलं होतं की यंदा उन्हाळ्यात आईचा बाजार बंद.

"घरी बसून काय करू?" नानीने त्याला विचारलं. "शीरियल बघायची आन् सुनंला सूचना करायच्या. म्हयन्याभरात दोघींतली एक जाईल माहेराला. ती न्हाई तर मी."

शेवटी माझ्या मांडवावर तडजोड झाली. भर उन्हाचा वेळ नानीने मांडवात काढायचा, बाकीचा वेळ पाटीवर. पण एकदा जरी तिला भोवळ आली, तरी पाऊस पडेपर्यंत बाजार बंद. हे दोघांनी कबूल केलं. शब्द पाळायला दोघंही हट्टी, त्यामुळे कागदाची गरज नव्हती.

तर पहिल्या बाजाराला मांडव तयार होता, नळी ठिबकत होती, घोंगड्या अंथरल्या होत्या, माठ भरले होते, आणि लोक समोरच्या डांबरी रस्त्यावर उन्हात उभे होते.

येत मात्र होते. दारापर्यंत यायचे, आत डोकावायचे.

"कुणाचं लगीन?" एका म्हाताऱ्याने टोपी नीट करत विचारलं.

"लग्न नाही, बाबा. ऊन लागलं तर बसायला केलंय. या ना आत."

"आसं व्हय. बरं बरं." आणि तो निघून गेला.

दुसऱ्याने मुहूर्त कितीचा ते विचारलं. तिसऱ्याने नवरी कुठली ते. दोन बायांनी दाराशी चपला काढल्या, आत पाऊल न टाकताच हात जोडले, चपला घातल्या आणि गेल्या. मी पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरात लिहिलं, 'सर्वांसाठी खुले.' लोकांनी तेही वाचलं आणि पुढे गेले. लग्नाच्या दारावरही सहर्ष स्वागत असं लिहिलेलं असतंच.

नानी मात्र शब्दाप्रमाणे ऊन चढताच आत येऊन बसली. एवढ्या मोठ्या मांडवात एकटीच. थोडा वेळ इकडे तिकडे बघितलं आणि मला जवळ बोलावलं.

"समे, मला नवरीची आई असल्यागत वाटतंय. रडायचं तेवढं ऱ्हायलंय."

"बस गं नानी. येतील लोक."

"कुणी यीना तर मी कशी बसू? लोक म्हंतील, साळुबाईनं स्वतःसाठी मांडव घातला."

ती उठली आणि पाटीवर जाऊन बसली. नशिबाने त्या दिवशी थोडे ढग आले.

दुपारी एक बाई कडेवर लेकरू घेऊन मांडवाच्या बाहेर, बांबूच्या सावलीच्या पट्ट्यात उभी होती. तो पट्टा इतका अरुंद होता की लेकराचं डोकं सावलीत आणि पाय उन्हात. आतला गारवा तिच्या हाताला लागत असणार. मी म्हटलं, ताई, आत बसा.

"नगं," ती म्हणाली. "आमाला आवतान न्हाई."

"आवतान लागत नाही इथे."

"आसं कसं? मांडव कुणाचा तरी आसंलच की." आणि माझ्याकडे अशा दयेने पाहिलं, जणू मीच कुणाच्या तरी लग्नात घुसले होते.

संध्याकाळी शेठच्या ओट्यावर बसून मी विचार केला. आमच्याकडे आवतान म्हणजे नुसतं बोलावणं नव्हे. कुंकू लावून, अक्षता देऊन, नाव घेऊन सांगतात तेव्हा ते आवतान. ते नसताना कुणाच्या मांडवात बसणं म्हणजे फुकट जेवायला आल्यासारखं. मला आठवलं, मीही एकदा राजगुरुनगरला भर उन्हात बसची वाट बघत एका लग्नाच्या मांडवाबाहेर अर्धी दुपार उभी होते. आत पंखे होते, पाणी होतं, कुणीही हटकलं नसतं. तरी मी शिरले नव्हते. म्हणजे मांडवात काही चूक नव्हती. मांडव होता म्हणूनच लोक येत नव्हते.

सोपानभाऊंना म्हटलं, तोरण आणि केळी काढूया का?

"तोरण काढलं तर दुखवट्याचा मांडव दिसंल," ते म्हणाले. "मग तर दारापाशीबी कुणी यायचं न्हाई."

डहाळे काढून टाकले तर पाचट उडणार आणि तापमान वाढणार. मी हा हिशेब नानीला समजावून सांगत होते. ती मेथीच्या उरलेल्या जुड्या गोणपाटात गुंडाळत होती.

"मंग देऊ की आवतान," ती म्हणाली.

"कुणाला?"

"बाजाराला."

मी हसले आणि मग हसायचं थांबले. यात न जमण्यासारखं काहीच नव्हतं.

पुढच्या बाजाराला नानी भल्या सकाळी हिरवं लुगडं नेसून, ताटात हळद-कुंकू आणि अक्षता घेऊन निघाली. मी पाण्याचा तांब्या घेऊन मागे. बाजार नुकता मांडला जात होता. नानी प्रत्येक पाटीपाशी थांबायची, बाईला कुंकू लावायची, बाप्याच्या हातावर अक्षता ठेवायची आणि म्हणायची, "दुपारी आमच्या मांडवात यायचं. चूलबंद आवतान हाये."

चूलबंद आवतान म्हणजे घरातल्या सगळ्यांना बोलावणं, त्या दिवशी घरी चूलच पेटवायची नाही. बाजारात याचा अर्थ काय लावायचा यावर लगेच चर्चा सुरू झाली.

"साळुबाई, माझी चूल हितं कुठंय?" भज्यांचा गाडा लावणारा चांगदेव म्हणाला. "माझा ग्यास हाये."

"ग्यास बंद ठेव मंग."

"मी ग्यास बंद ठिवला तर बाजार उपाशी मरंल."

"तुझी भजी खाऊन मरत्यात त्यापरीस बरं."

भोवतीचे हसले. चांगदेवने अक्षता डोक्याला लावून टोपीत खोचल्या आणि म्हणाला, "आलो समज."

दुपारी ऊन चढलं आणि लोक आले. आधी दोघी-तिघी, पदर सावरत. मग एकदम लोंढा. मागच्या बाजारच्या त्या म्हाताऱ्यासारखे कितीतरी जण हातपाय धुऊन, टोपी झटकून आत येत होते. त्यातल्या कुणीही रिकाम्या हाताने आलं नव्हतं, हे बघून मी चक्रावले. आवतान असलं की आहेर आलाच. एकीने खण आणला. कुणी नारळ, कुणी आपल्याच पाटीवरची काकडी. कलिंगडवाल्या भिकाने तीन कलिंगडं आणून नानीच्या पायाशी ठेवली. कडेवर लेकरू असलेली ती बाईसुद्धा आली, फुगे घेऊन. ती फुगेच विकत होती. नानी प्रत्येकाचा आहेर घ्यायची, कपाळाला लावायची, मला द्यायची. मी कुठे ठेवू म्हणून बघत बसायची.

मग लोक आपोआप दोन रांगांत समोरासमोर बसले. सगळे शांत झाले. आणि वाट बघू लागले.

"नानी," मी हळूच म्हटलं, "हे जेवायची वाट बघतायत."

नानीच्या तोंडावर मी इतक्या वर्षांत पहिल्यांदा घाबरल्याचं चिन्ह पाहिलं. ते फार टिकलं नाही. तिने आहेरातलं एक कलिंगड उचललं, भिकाचाच कोयता मागून घेतला आणि फोडी करायला लागली. आलेल्या काकड्या चिरल्या गेल्या. चांगदेव उठला, बाहेर जाऊन गॅस पेटवला आणि परातभर भजी आणून वाढायला लागला. दुकानातून शेठनी ताकाची घागर पाठवली. पंगत झाली. "सावकाश होऊ द्या" असंही कुणीतरी म्हणालं.

माझ्यापुढे वेगळाच प्रश्न होता. बसलेला माणूस साधारण शंभर वॅटच्या दिव्याइतकी उष्णता बाहेर टाकतो. एवढी माणसं एकत्र आल्यावर आतला आकडा चौतीसवरून वर सरकू लागला, आणि श्वासाने हवा ओली होऊ लागली. मी आणि सोपानभाऊंनी पूर्वेकडची बांधलेली बाजू मोकळी केली. वारा आरपार वाहू लागला आणि आकडा थांबला. त्या आनंदात मी एक गोष्ट पाहिलीच नाही.

नानी बसली नव्हती. ती दाराबाहेर उन्हात उभी राहून येणाऱ्याला या म्हणत होती, जाणाऱ्याला पोचवत होती, मधूनच पाटीवर धावून गिऱ्हाईक करत होती आणि पुन्हा दारात येत होती. यजमान आधी बसतो का? पाहुणे उठल्यावर तो बसणार, आणि पाहुणे काही उठत नव्हते. आत इतकं गार होतं.

भरतदादा आला तेव्हा नानी दारातल्या केळीच्या खुंटाला धरून उभी होती. चेहरा लालबुंद, डोळे अर्धवट मिटलेले. त्याने तिला धरलं आणि क्रेटवर बसवलं. ती पाणी प्यायली आणि म्हणाली, "काय न्हाई, जरा आंधारी आली व्हती."

दादाने मांडवाकडे बघितलं. आत लोक कलिंगड खात बसले होते.

"समे," तो म्हणाला, "मांडव तुझा लई भारी झालाय. पन ह्यात माझी आई कुठं व्हती?"

मी तांब्या घेऊन माठाकडे गेले.

घरी पोचल्यावर त्याने ठरलेलं ऐकवलं. भोवळ आली, बाजार बंद. नानीने आंधारी म्हणजे भोवळ नव्हे असा मुद्दा काढून पाहिला, पण तो तिलाच पटत नव्हता. शब्द तिनेही दिला होता. दुसऱ्या दिवशी ती शीरियल बघत बसली, आणि वहिनीने चहात साखर जास्त टाकल्याचं दिवसभरात चारदा काढलं. वहिनीने मला मागच्या दारी गाठून म्हटलं, "समृद्धी, काहीबी कर, पन सासूबाईंना बाजारात जाऊ दे."

मी मंचरला शेठच्या दुकानात गेले. पुनमचंद शेठ आणि त्यांच्या पत्नी सज्जनबाई दोघंही होते. शेठच्या आजोबांनी राजस्थानातून येऊन हे दुकान घातलं. शेठ जन्मापासून मंचरचे, आणि बोलायला लागले की आमच्यापेक्षा शुद्ध मराठी बोलतात.

मी त्यांना सगळं सांगितलं आणि म्हटलं, "मांडवात एकच जागा गरम आहे. यजमानाची. तिथे दर वेळी एकच माणूस उभं राहिलं तर त्याला ऊन लागणारच. यजमान बदलता आला पाहिजे."

सज्जनबाई दाण्यांच्या पिशव्यांना गाठी मारत होत्या. "बदलू की," त्या म्हणाल्या. "पुढच्या बाजाराला यजमान मी. दारात छत्री लावून उभी राहीन. साळुबाईंसारखी बिनछत्रीची नाही."

"आपल्याकडे कांदा-लसूण चालत नाही," शेठ म्हणाले. "चांगदेवची कांदाभजी आपल्या पंगतीत कशी वाढणार?"

"आपण ताक आणि पन्हं देऊ. ताकात कुणी कांदा घालतं का?"

"घालतात काही लोक."

"ते आपल्याकडे येणार नाहीत."

"पण नानीला दादा येऊच देणार नाही," मी म्हटलं.

सज्जनबाईंनी पिशवीची गाठ घट्ट ओढली. "आवतान आलं तर कसा नाही म्हणेल?"

दोन दिवसांनी त्या शेठच्या टेम्पोत पुढे बसून अवसरीला आल्या. दादा घरीच होता. त्यांनी ओसरीवर चटईवर बसून पाणी घेतलं, सुनेची चौकशी केली, मग पिशवीतून कुंकवाची कोयरी काढली. नानीच्या कपाळाला लावलं, हातावर अक्षता ठेवल्या.

"साळुबाई, बाजारच्या दिवशी माझ्या मांडवात यायचं. पहिली पाहुणी तुम्ही. तुम्ही आल्याशिवाय ताक ढवळणार नाही मी."

"येते की," नानी म्हणाली, दादाकडे न बघता.

टेम्पो गेल्यावर दादाने तोंड उघडलं. "आई, आपलं काय ठरलंय?"

"बाजाराला जायचं न्हाई. मी कुठं बाजाराला चाललेय? मी आवतानाला चाललेय."

"मांडव बाजारातच हाये."

"त्याला मी काय करू? मोडू आवतान? बाई एवढ्या लांबून घरी येऊन कुंकू लावून गेली. तू बियाणं त्यांच्याकडून आनतोस. जा, सांग त्यांना, माझी आई यायची न्हाई म्हनून."

दादा गेला नाही.

"आन् तितवर चाललेच हाये तर रिकामी कशाला जाऊ?" नानी म्हणाली. "थोडी कोथिंबीर घेते संगट."

बाजारच्या दिवशी दादा सुट्टी टाकून आला. आईवर लक्ष ठेवायला. मनातून त्याला खात्री होती की ती पुन्हा मांडवाच्या दारात उभी राहणार. सकाळभर नानीने पाटी सांभाळली. ऊन चढलं तशी सज्जनबाईंची हाक आली. त्या खरंच दारात मोठी काळी छत्री घेऊन उभ्या होत्या, आणि आळीपाळीने शेठ.

नानी उठली. पदर झटकला, केस सारखे केले, आणि पाहुणीच्या चालीने, म्हणजे बऱ्यापैकी सावकाश, मांडवात गेली. सज्जनबाईंनी तिला गोणपाटाशेजारची जागा दिली. मी तापमापक तिथेच टांगला होता, तिथे सगळ्यात गार असतं. ताक आलं, पन्हं आलं. नानी भिंतीला टेकल्यासारखी बांबूला टेकून बसली आणि शेजारणीशी मेथीवर पडलेल्या किडीबद्दल बोलायला लागली. एकदाही उठली नाही. पाहुणा मधेच कसा उठेल?

मी हे सगळं समाधानाने बघत होते. मग पाटीकडे नजर गेली.

दादा नानीच्या जागेवर उभा होता. डोक्यावर टोपी नाही, अंगात शोरूमचा घट्ट पॉलिस्टरचा शर्ट. त्याला जुडी बांधता येत नव्हती, भाव करता येत नव्हता, आणि बाया त्याची थट्टा करत होत्या.

"भाऊ, ही कोथिंबीर हप्त्यानं मिळंल का ट्रॅक्टरवानी?"

तो हसत नव्हता. मी जवळ गेले. तो घामाने चिंब होता, पण चेहरा पांढरट.

"दादा, आत चल."

"न्हाई."

"आत जागा आहे. नानीपण बसलीय."

"तिला आवतान हाये," तो म्हणाला. "सज्जनबाई घरी आल्या, मी समोर व्हतो. म्हनल्या, साळुबाई तुमी या. चूलबंद म्हनल्या का? माझं नाव घेतलं का? एका मानसाचं आवतान आन् मी मागं मागं जाऊन बसू व्हय?"

दोन बाजारांच्या अनुभवानंतर मला हे आधीच कळायला हवं होतं. बाहेर बेचाळीस अंश होते आणि माझा चुलतभाऊ मानापमानाखातर त्यात उकडत होता.

मी मांडवाकडे धावले. सज्जनबाईंना सांगितलं, त्यांनी छत्री शेठच्या हातात दिली आणि कोयरी शोधायला लागल्या. तेवढ्यात कलिंगडवाला भिका ओरडला. दादा खाली बसला होता. बसला म्हणजे गुडघे दुमडून कोथिंबिरीत टेकला होता.

भिका आणि चांगदेवने त्याला खांद्याला धरून आत आणलं. बाया सरकल्या. मी त्याला घोंगडीवर आडवं केलं, पाय क्रेटवर ठेवले, शर्टाची बटणं सोडली, मानेला आणि काखेत ओली फडकी. तो शुद्धीवर होता, घाम येत होता, म्हणजे उष्माघातापर्यंत गेलं नव्हतं. मीठ-साखर-पाणी घोट घोट द्यायला सांगितलं. नानी पाहुणीची जागा सोडून त्याच्या उशाशी आली आणि त्याला पदराने वारा घालायला लागली.

"टोपी कुठंय तुझी?" ती म्हणाली.

"इसरलो."

"मला दवाखान्यात सांगत व्हतास, डोकं उघडं ठेवू नको म्हनून."

दादाने डोळे मिटून घेतले. गोणपाटातून वारा येत होता. थोड्या वेळाने त्याच्या गालांवर रंग आला, आणि तो डोळे न उघडता म्हणाला, "लई गार हाये हितं."

सज्जनबाई त्याच्याजवळ वाकल्या. "भरत, माझं चुकलं. मी चूलबंद म्हणायला हवं होतं." आणि झोपलेल्या माणसाच्या कपाळाला त्यांनी कुंकू लावलं. ते जरा जास्तच लागलं. मांडव हसला.

"नवरदेव मिळाला," चांगदेव म्हणाला. "नवरी बघा आता."

"त्याला हाये एक," नानी म्हणाली. "ती ऐकंल न्हाई."

दादा उठून बसला, ताक प्यायला, आणखी एक पेला मागितला. मग आजूबाजूला बसलेल्या माणसांकडे बघितलं. म्हातारे होते, हमाल होते, फुगेवाली होती, तिचं लेकरू झोपलं होतं. त्याने मला विचारलं, पुढच्या बाजाराला यजमान कोण.

"अजून ठरलं नाही."

त्या आठवड्यात शोरूममधून एक मोठा फिरता पंखा मांडवात आला आणि नळीची गळकी जोडणी कुणीतरी बदलून गेलं.

पुढच्या बाजाराला सकाळीच मी बाजारतळावर पोचले तर दादा पांढरी टोपी घालून, हातात ताट घेऊन पाटी पाटी फिरत होता. त्याला ते नीट जमत नव्हतं. कुंकू कपाळाऐवजी भुवईवर लागत होतं, अक्षता निम्म्या जमिनीवर. बाया त्याला सोडत नव्हत्या.

"मोठ्यानं म्हन की भरत. आमाला ऐकूच आलं न्हाई."

"दुपारी आमच्या मांडवात यायचं," तो म्हणाला. "चूलबंद."

"ट्रॅक्टरचं सर्व्हिसिंगबी फुकट का?"

"ते पुढच्या बाजाराला," तो म्हणाला, आणि यावेळी हसला.

असा फिरत फिरत तो नानीच्या पाटीपाशी आला आणि तसाच पुढे निघाला. नानी जुड्या बांधत होती. तिने मान वर केली.

"भरत."

"काय गं?"

"मला आवतान न्हाई?"

"तुला कशाला आवतान? तू घरचीच. तू माझ्यासंगं दारात..." तो मधेच थांबला. दारात घरचे उभे राहतात. पाहुणे आत बसतात. आई घरची ठरली की ती पुन्हा उन्हात उभी राहणार. आणि आईला पाहुणी म्हणून बोलवायचं तर ती इथली, बाजारातली आहे हे त्याने स्वतःच्या तोंडाने सगळ्यांसमोर म्हणायला हवं. त्याच्या चेहऱ्यावर हे एकामागून एक उमटताना मला दिसलं. नानीलाही दिसत असणार. ती घाई करत नव्हती. एक जुडी बांधून झाली, दुसरी घेतली.

तो मागे वळला. ताट खाली ठेवलं, पाटीसमोर उकिडवा बसला आणि तिच्या कपाळाला कुंकू लावलं. या वेळी ते बरोबर मधोमध लागलं.

"साळुबाई," तो म्हणाला. नाव घेताना त्याला जरा लाज वाटली, पण त्याने घेतलं. "दुपारी आमच्या मांडवात यायचं. दर बाजाराला यायचं. पाऊस पडंस्तवर."

नानीने अक्षता घेतल्या. "पाऊस पडल्यावर?"

"पाऊस पडल्यावर तू माझं ऐकतीस व्हय?"

"बघते," ती म्हणाली. "गिऱ्हाईक आटपलं की येते. तू व्हय पुढं. दारात कुणी न्हाई तुझ्या."

दुपारी ती आली, सावकाश. भरतदादा दारात छत्री घेऊन उभा होता. त्याने तिला या म्हटलं, चपला ठेवायला जागा दाखवली आणि पाण्याचा तांब्या पुढे केला. तिने चूळ भरली, पाय धुतले, आत जाऊन पंख्यासमोरची जागा बघितली, नको म्हटलं, आणि गोणपाटाच्या कडेला जाऊन मांडी घालून बसली.

"यजमान," तिने तिथूनच हाक दिली, "ताकात मीठ कमी हाये."

दादा मीठ आणायला धावला.